‘ही’ आणि ‘ती’

आमची नात गुरुग्राम येथील एका इंग्रजी शाळेत तिसऱ्या इयत्तेत शिकते. २०२५ च्या जुलै महिन्यातील ही गोष्ट. उन्हाळ्याची सुटी संपून शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि बाईंनी घरचा अभ्यास म्हणून इंग्रजीतील दर्शक सर्वनामे दिली होती. नियम वहीच्या माथ्यावर सुबक अक्षरात उतरून घेतलेला होता : वस्तू जवळ असेल तर ‘धिस’, दूर असेल तर ‘दॅट’, जवळच्या अनेक असतील तर ‘धीज’, दूरच्या अनेक असतील तर ‘दोज’. त्याखाली घरातील वस्तू व माणसे पाहून प्रत्येकी दोन वाक्ये लिहावयाची होती.

नात जेवणाच्या मेजाशी बसून लिहीत होती. तिच्यापासून दोन हातांवर, स्वयंपाकघराच्या दारात बसून, आमच्याकडे काम करणारी बाई भाजी निवडीत होती. आमची सून आतल्या खोलीत, दार लावून, संगणकापुढे कचेरीच्या कामात गढलेली होती. वही आमच्यापुढे आली तेव्हा तीत पहिलीच दोन वाक्ये अशी होती : ‘धिस इज माय मदर. दॅट इज अवर मेड.’

ज्याचे उभे आयुष्य हाताखालच्या मंडळींचे मसुदे दुरुस्त करण्यात गेले, त्याचा हात तांबड्या पेन्सिलीकडे आपोआप जातो. आम्ही म्हटले, “अगं, आई तर आतल्या खोलीत आहे. जवळ कोण आहे ते पाहा बरं.” तिने मान वर करून पाहिले, मनाशी अंतर मोजले, आणि अत्यंत शांतपणे उत्तर दिले, “जवळ म्हणजे तसं जवळ नाही, आजोबा.”

आम्ही पेन्सिल खाली ठेवली. वाक्ये नियमाला सोडून होती यात संशय नाही. पण ती खोटी होती काय, हे आम्हांस त्या क्षणी सांगता आले नाही. भाजी निवडणारीने मान वर केली नाही. तिला इंग्रजी येत नाही असे आम्ही सर्वजण धरून चालतो. परंतु ‘मेड’ हा एक शब्द तिला खचित येत असला पाहिजे, कारण इमारतीच्या दरवाज्यावरून रोज सकाळी तिच्या येण्याची वर्दी त्याच शब्दाने दिली जाते.

आमच्या पिढीने इंग्रजीचा श्रीगणेशा बराच उशिरा केला, आणि तोही बहुधा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधाराने. तेथे ‘हा’ आणि ‘तो’ यांना इंग्रजी जोड्या मिळाल्या आणि प्रकरण संपले. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण रचले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपले शास्त्रीय व्याकरण सिद्ध केले. त्या परंपरेत वाढलेल्या विद्यार्थ्याला दर्शक सर्वनाम म्हणजे शब्दाचे बोट, एवढे समजले की पुरे होई. बोट जवळ रोखले की ‘हा’, लांब रोखले की ‘तो’. हे बोट कोणाच्या हाताचे असते, आणि जवळ-लांब ठरवणारा कोण, हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला कोणी विचारीत नसे. विचारला असता तरी गुरुजींनी तो पटांगणात नेऊन सोडवण्यास सांगितले असते.

वास्तविक, भाषा या बाबतीत आपल्याला वाटते तितक्या भोळ्या नाहीत. संस्कृतात या कामासाठी दोन नव्हे, चार शब्द आहेत. हाताशी असलेल्यासाठी ‘इदम्’, त्याहूनही निकटच्यासाठी ‘एतद्’, लांब पण दिसत असलेल्यासाठी ‘अदस्’, आणि दृष्टीआड असलेल्यासाठी ‘तद्’. जपानी भाषेत तीन पायऱ्या आहेत : बोलणाऱ्याजवळचे, ऐकणाऱ्याजवळचे आणि दोघांपासून दूरचे, म्हणजे समोरच्या माणसालाही स्वतःचे असे एक ‘जवळ’ असते, ही गोष्ट त्या भाषेने मान्य केली आहे. इंग्रजीतही एकेकाळी ‘यॉन’ हा तिसरा शब्द होता. तो प्रमाण भाषेतून गेला. त्याच भाषेचा आणखी एक गमतीचा इतिहास असा की, आज दूरच्या अनेकांकडे बोट दाखवणारा ‘दोज’ हा मूळचा ‘धिस’च्याच जुन्या अनेकवचनातून आलेला आहे. जवळच्यांसाठी असलेला शब्द भाषेच्या प्रवासात दूरच्यांना जाऊन चिकटला. असे शब्दांचेच होते असे नाही.

बंगाली माणसाच्या तोंडी ‘ए’, ‘ओ’ आणि ‘शे’ असे तीन शब्द असतात. समोर आहे तो ‘ए’, पलीकडे आहे तो ‘ओ’, आणि जो येथे नाही, ज्याच्याविषयी केवळ बोलणे चालले आहे, तो ‘शे’. आदरार्थी रूपेही तिन्हींची निराळी. या भाषेत मात्र पुरुष-स्त्री असा भेद सर्वनामात नाही, आणि त्यामुळे आमच्याकडील बाई हिंदी बोलताना लिंगांचा जो गोंधळ घालीत असे, तो आमच्या घरात करमणुकीचा विषय होता. तिच्या भाषेत तीन अंतरे आहेत आणि आमच्या मराठीत दोनच, हे आम्हांला कळले ते पुढे, या लेखाच्या निमित्ताने, पुस्तकातून. तिला विचारून नव्हे.

मराठीची गोष्ट आणखी निराळी आहे. इंग्रजीत तृतीय पुरुषासाठी एक शब्द आणि दूरदर्शक सर्वनाम म्हणून दुसरा, अशी सोय आहे. आपल्याकडे दोन्ही कामे एकटा ‘तो’ करतो. आपण कोणाही तिसऱ्या माणसाविषयी बोलू लागलो की व्याकरणच त्याला चार पावले मागे नेऊन उभे करते. माणसाला ‘हा’ म्हणावयाचे तर त्यासाठी काहीतरी अधिक लागते. तो समोर तरी हवा, नाहीतर मनात तरी हवा. आमच्या मातुःश्रींनी वडिलांचे नाव कधी उच्चारले नाही. त्या ‘हे’ म्हणत. वडील दौऱ्यावर असोत, परगावी असोत, ‘हे’ ते ‘हे’च. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘इकडून’ आणि ‘तिकडून’ एवढ्या दोन क्रियाविशेषणांवर आजोबांचा सारा उल्लेख भागे. या रूढीतील स्त्रीची पराधीनता आम्ही नाकारीत नाही. नाव घेण्याची चोरी ही काही प्रेमाची खूण नव्हे. तरी त्या रूढीने एक गोष्ट दाखवून ठेवली आहे. माणूस शंभर कोसांवर असला तरी त्याला ‘हे’ म्हणता येते, आणि दोन हातांवर असला तरी ‘ती’ म्हणता येते. पुस्तकातील नियम फूटपट्टीने अंतर मोजतो, माणसे ते अन्य कशाने तरी मोजतात.

युरोपातील तत्त्वज्ञांनी या इवल्याशा शब्दांवर फार विचार केलेला आहे. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच हेगेलने ‘हे’, ‘येथे’ आणि ‘आता’ या शब्दांना चौकशीसाठी उभे केले. आपल्याला वाटते की ‘हे’ म्हटल्याने आपण अगदी नेमक्या, एकमेव वस्तूला हात घातला. पण ‘हे’ तर प्रत्येक जण प्रत्येक वस्तूला म्हणू शकतो. सर्वांत नेमका वाटणारा शब्द सर्वांत मोघम निघतो. हेगेल तेथून फार वर, परतत्त्वापर्यंत चढून जातो. तेथवर त्याच्यामागे जाण्याची आमची तयारी नाही. १९२३ साली मार्टिन बूबरने माणसाला ‘तू’ म्हणणे आणि ‘ते’ म्हणणे यांतील फरकावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ते आम्हांला अधिक जवळचे वाटते. परंतु कचेरीत बसणाऱ्या माणसाची अडचण या दोघांनीही लक्षात घेतलेली दिसत नाही, आणि आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण कचेरीत बसणारे, किंवा बसून उठलेले, आहेत.

कचेरीची स्वतःची दर्शक सर्वनामे असतात. ‘सदर’, ‘सदरहू’, ‘मजकूर’, ‘उपरोक्त’, ‘प्रस्तुत’. ‘सदर’ म्हणजे वर असलेला, ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे तो. दोन्ही शब्द अरबीतून, फारसी दफ्तरांच्या वाटेने आपल्याकडे आले. या शब्दांचे वैशिष्ट्य असे की ते माणसाकडे बोट दाखवीत नाहीत, कागदाकडे दाखवतात. ‘सदर इसम’ म्हणजे समोर हात जोडून उभा असलेला इसम नव्हे. वरच्या ओळीत ज्याचे नाव आले आहे तो. तो समोर उभा आहे की मेला आहे याची त्या शब्दाला गरज नसते.

यावर टीका करणे सोपे आहे, आणि साहित्यिक मंडळी ती नेहमी करतात. पण आम्ही या शब्दांची बाजू पुष्कळ वर्षे घेत आलो आहोत आणि आजही काही अंशी घेतो. अर्जदार आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या मेहुण्याच्या ओळखीचा निघाला की तो ‘हा’ होतो. आणि अधिकाऱ्याच्या तोंडी ‘हा’ येऊ लागला की समजावे, दुसऱ्या कोणाचा तरी हक्क जाणार. बदलीच्या नोकरीचा मूळ हेतूच मुळी अधिकाऱ्याला ‘हा’पासून दूर ठेवण्याचा आहे. परमुलखात नेमलेल्या माणसाला सगळेच ‘ते’ असतात, म्हणून त्याच्या हातून न्याय होण्याची शक्यता अधिक. गुवाहाटीस असताना एका कनिष्ठ सहकाऱ्याने आम्हांला विचारले होते, “साहेब, आपल्याला येथे कोणी आपले वाटत नाही का?” आम्ही अभिमानाने उत्तर दिले होते की, नाही, आणि तीच आमची पात्रता आहे. ते उत्तर आम्हांला बरीच वर्षे आवडत असे.

त्याच जुलै महिन्यात गुरुग्रामात बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशी नागरिकांच्या शोधाची मोहीम झाली. बंगाली बोलणाऱ्या अनेक कामगारांना ताब्यात घेऊन शहरातील सामुदायिक केंद्रांत ठेवण्यात आले, आणि त्यांच्या मूळ जिल्ह्यांकडून पडताळणी झाल्यावर बहुतेकांना सोडण्यात आले. ज्यांना कोणी हातही लावला नव्हता अशी कित्येक कुटुंबे भीतीने चंबूगबाळे आवरून गावी गेली. देशात कोण राहतो हे पाहण्याचा अधिकार शासनाला आहेच, आणि तो कसा वापरावा हा या लेखाचा विषय नव्हे. आमचा विषय आमच्या मेजावर घडलेल्या गोष्टीपुरता आहे.

एका संध्याकाळी काम आटोपल्यावर बाई पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढून उभी राहिली. पिशवीत आधार कार्डाची, मतदार ओळखपत्राची प्रत होती. ती म्हणाली, “साहेब, एक चिट्ठी लिख दीजिए. कि मैं इधर छह साल से काम करता हूँ.” त्या ‘करता हूँ’ला त्या दिवशी कोणी हसले नाही.

नोकरीत असताना आम्ही असे दाखले शेकड्यांनी दिले असतील. अर्जदार अमुक वर्षांपासून व्यक्तिशः परिचित आहे, त्याची वर्तणूक चांगली आहे. खाली सही, शिक्का. पुष्कळदा तो अर्जदार आम्ही त्याच दिवशी प्रथम पाहिलेला असे. शिपायाच्या पुतण्याला, वरिष्ठांच्या भाच्याला आम्ही ‘व्यक्तिशः परिचित’ करून टाकले आहे. हिला तर सहा वर्षे रोज पाहत होतो. आमच्या सौभाग्यवतींच्या आजारात तिने रात्री काढल्या होत्या. लेखणी उचलली तेव्हा नाव लिहिताना अडलो. घरात तिला सगळे ‘दीदी’ म्हणत. आडनाव आधार कार्डावरून पाहून लिहिले. जिल्हा कूचबिहार, हेही तेथूनच कळले. सहा वर्षांत आम्ही ते विचारलेले नव्हते. ज्या माणसाने गुवाहाटीस जाताना त्या भागातून आगगाडीने अनेकदा प्रवास केला, त्याने.

मग आम्ही पत्र लिहिले. इंग्रजीत लिहिले, कारण इंग्रजीला वजन असते. मुलाने हलक्या आवाजात बजावले होते, “बाबा, फार काही लिहू नका. उद्या काही निघालं तर तुमची सही आहे.” त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. आम्ही लिहिले की, सदर महिला आमच्या माहितीप्रमाणे आमच्या घरी काही काळ अंशकालीन काम करीत आहे. आमच्या माहितीप्रमाणे! आमच्याच घरी! भाकरी तिच्या हातची आणि माहिती मात्र ऐकीव.

पत्र वाचून पाहताना आम्हांला नातीच्या वहीची आठवण झाली. जगातील सर्व इंग्रजी दाखले एकाच वाक्याने सुरू होतात, ‘धिस इज टू सर्टिफाय दॅट’. वर्षानुवर्षे आम्ही ते वाक्य लिहिले, पण त्यातले ‘धिस’ कोणते आणि ‘दॅट’ कोणते हे कधी पाहिले नव्हते. ‘धिस’ तो कागद. ‘दॅट’नंतर माणूस येतो. व्याकरणकार सांगतील की तेथील ‘दॅट’ हे दर्शक सर्वनाम नसून उभयान्वयी अव्यय आहे, आणि ते बरोबरच आहे. परंतु ते अव्यय त्या सर्वनामातूनच निघालेले आहे. नातीने आपल्या आजोबांचाच मसुदा उतरवला होता म्हणावयाचा.

येथे आम्हांला आमच्या जुन्या मताची फेरतपासणी करणे भाग पडले. ‘सदर’ हा शब्द न्यायाचा रक्षक आहे असे आम्ही म्हणत आलो. तो तसा आहे, पण एका अटीवर : जो आपल्या माणसाला ‘सदर’ म्हणतो, त्यालाच परक्याला ‘सदर’ म्हणण्याचा अधिकार आहे. वरिष्ठांच्या भाच्याला ‘व्यक्तिशः परिचित’ आणि सहा वर्षे घर सांभाळणारीला ‘आमच्या माहितीप्रमाणे’, हा निःपक्षपातीपणा नव्हे. ते अंगचोरीपण आहे, आणि त्याने न्यायाचा झगा पांघरला आहे. कोणाला ‘ही’ म्हणणे म्हणजे तिच्या बाजूला उभे राहणे, विचारणाऱ्याला ‘होय, मी पाहिली आहे’ असे सांगण्याची तयारी दाखवणे. ‘ती’ म्हटले की बोट तेवढे लांब करावे लागते, स्वतः हलावे लागत नाही.

कोणी म्हणेल, हा परमुलखातील सुखवस्तूंचा रोग आहे, आपल्या प्रांतात असे नसते. आम्हांला तसे वाटत नाही. मुंबईत १९६६ नंतर दाक्षिणात्यांकडे आणि २००८ साली उत्तरेकडून आलेल्यांकडे बोट दाखवणारे हात आपलेच होते, आणि त्या वेळी बदलीच्या गावी बसून आपल्यापैकी कित्येकांना ते बोट आवडलेही होते. आज आम्ही ज्या भूमीवर राहतो ती १८०३ साली सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांच्या हातून इंग्रजांकडे गेली. तरी भाजीवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांच्या लेखी आम्ही ‘ये महाराष्ट्रवाले’. ज्यांच्या शेतांवर या इमारती उठल्या त्या मूळ गावकऱ्यांना आम्ही सगळेच, मराठी काय, बंगाली काय, ‘ये सोसायटीवाले’. येथे प्रत्येक जण कोणाचा तरी ‘वो’ आहे.

या नगराचे नाव २०१६ साली गुडगावचे गुरुग्राम झाले, ते द्रोणाचार्यांच्या आख्यायिकेवरून. मेट्रोच्या एका स्थानकालाही त्यांचे नाव आहे. एकलव्याचे देऊळ येथून जवळच खांडसा गावी आहे, पण तेथे जाणारा आम्हांला तरी आमच्या इमारतीत भेटला नाही. द्रोणांना अर्जुन हा ‘हा’ होता. निषादाच्या मुलाला त्यांनी शिष्य म्हणून घेतले नाही. त्यानेच मातीच्या मूर्तीपुढे उभे राहून ‘हे माझे गुरू’ म्हटले. द्रोणांनी त्याला शिष्य म्हणून ओळखले ते फक्त एकदा, दक्षिणा मागताना. ही कथा आम्ही लहानपणी गुरुभक्तीची म्हणून ऐकली होती. आता ती आम्हांला दाखल्याची वाटते.

आमचे पत्र घेऊन बाई गेली. ते कोणाला दाखवण्याची पाळी तिच्यावर आली की नाही, कळले नाही. आठवडाभराने ती, तिचा नवरा आणि दोन मुले गावी गेली. इमारतीतील आणखी काही घरांत भांडी पडून राहिली, आणि त्या दिवसांत संध्याकाळी बागेत जमणाऱ्या मंडळींत चर्चेचा मुख्य विषय भांड्यांचाच होता, हे नमूद करावयास हवे. आम्हीही त्या चर्चेत होतो.

नातीची वही शाळेतून तपासून परत आली. बाईंनी दोन्ही वाक्यांवर बरोबरची खूण केलेली होती. त्यांना तरी कसे कळावे, लिहिताना कोण कोठे बसले होते ते? आम्ही नातीला जवळ घेऊन म्हटले की आपण ते वाक्य बदलू या. तिने विचारले, “पण आता दीदी लांबच आहे ना?” आम्हांस उत्तर सुचले नाही. वाक्य तसेच राहिले.

तीन आठवड्यांनी बाईचा फोन आला. पोरगी नीट जेवते का, हा पहिला प्रश्न. आमच्या गुडघ्याची चौकशी दुसरी. तिकडे पाऊस फार झाला होता. पूजेनंतर परत यावे की न यावे ते ठरत नव्हते, नवऱ्याचे मन होत नव्हते. आम्ही तिला गावाचे नाव विचारले. ते दोनदा सांगूनही आम्हांला नीट कळले नाही, म्हणून एकेक अक्षर सांगावयास लावले. मग तिच्या आईचे नाव विचारले, मुलांची विचारली. ती थोडी बिचकली. “क्यों साहेब, फिर से चिट्ठी लिखना है?” आम्ही म्हटले, नाही, असेच. फोन ठेवल्यावर रोजनिशीत सर्व नावे देवनागरीत लिहून ठेवली. त्यांतले एक ‘स’ने लिहावे की ‘श’ने, याचा अजून उलगडा झालेला नाही, पुढच्या वेळी विचारावयाचे आहे.